‘येस, डू अ‍ॅज आय से!’ : नवशिक्यांचं लिनक्स आणि त्याची भाषा

नोव्हेंबर २०२१ मधला एक व्हिडिओ आहे. लायनस सबॅस्टियन हा कॅनडातला यूट्यूबर (लिनक्स ज्याच्या नावावरून ओळखलं जातं तो टोरवाल्ड्स वेगळा) घरच्या गेमिंग कंप्यूटरवर विंडोज काढून लिनक्स टाकतो. कंप्यूटरचे सुटे भाग जोडणं, मोजणं, त्याबद्दल बोलणं हाच ज्याचा धंदा, त्याला अडाणी म्हणता येणार नाही. त्याने निवडलेली डिस्ट्रो म्हणजे पॉप ओएस. गेमिंगसाठी कुठली डिस्ट्रो घ्यावी, या प्रश्नाला तेव्हा अनेक ठिकाणी हेच उत्तर मिळायचं.

पहिलं काम अर्थातच स्टीम टाकणं. डिस्ट्रोच्या स्वतःच्या दुकानातून टाकायला गेला, तर झालं नाही. मग सगळे सांगतात तसं त्याने टर्मिनल उघडलं आणि इन्स्टॉलची एका ओळीची कमांड दिली. पडद्यावर नावांची लांबलचक यादी सरकली. शेवटी कंप्यूटर म्हणाला की तुम्ही करताय ते घातक ठरू शकतं, पुढे जायचं असेल तर हे वाक्य जसंच्या तसं टाइप करा : ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ त्याने टाइप केलं. कंप्यूटरने सांगितल्याप्रमाणे केलं. स्टीम टाकता टाकता अख्खा डेस्कटॉप काढून टाकला. उरला काळा पडदा आणि त्यावर लॉगिन विचारणारी एक ओळ.

लिनक्सच्या जगात या प्रसंगावर जेवढं बोललं गेलं तेवढं एखाद्या कादंबरीवर बोललं गेलं असतं तर आपली समीक्षा सुधारली असती. दोन तट पडले. एक म्हणाला, समोर स्पष्ट लिहिलंय, वाचता येत नाही का? दुसरा म्हणाला, स्टीम टाकताना डेस्कटॉप उडवणारी सिस्टिम नवशिक्याच्या हातात देताच कशी? मी दुसऱ्या तटाचा आहे, पण मला पहिल्या तटाचा प्रश्न जास्त आवडतो. कारण तो वाचनाचा प्रश्न आहे. तर वाचूनच बघू.

तो मजकूर एपीटी या प्रोग्रॅमचा. डेबियन, उबुंटू, मिंट, पॉप या सगळ्यांत सॉफ्टवेअर आणणं-काढणं त्याच्याकडे असतं. मजकुराची रचना अशी : आधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची नावं, सलग, एकाला एक चिकटून. मग नव्याने येणाऱ्यांची नावं, तशीच. मग एक इशारा, की यातली काही पॅकेजेस अत्यावश्यक आहेत आणि आपण काय करतोय हे नेमकं ठाऊक असल्याशिवाय हे करू नये. मग पुन्हा नावं. मग आकडे. आणि सगळ्यात शेवटी ते वाक्य.

काढल्या जाणाऱ्या यादीत ‘पॉप-डेस्कटॉप’ हे नाव होतं. ज्याला कळतं त्याला त्या एका शब्दात सगळं कळतं. पण ज्याला कळत नाही त्याच्यासाठी ते शेजारच्या ‘लिब’ने सुरू होणाऱ्या कुठल्याही नावाइतकंच निरर्थक. इशारा सांगतो की नेमकं ठाऊक हवं. काय ठाऊक हवं ते मात्र सांगत नाही. ‘यानंतर तुमचा पडदा काळा होईल’ हे एक वाक्य कुठेच नाही. परिणाम सांगायचा सोडून मजकूर वाचणाऱ्याची लायकी विचारतो. आणि ज्याने आयुष्यभर प्रत्येक सॉफ्टवेअरच्या अटी न वाचता ‘मान्य’वर टिचकी मारली आहे, त्याला लायकीचा प्रश्न ही आणखी एक औपचारिकता वाटणार.

ज्याने हा मजकूर लिहिला त्याचा वाचक वेगळा होता, एवढंच. तो सर्व्हर सांभाळणारा माणूस होता. ती यादी त्याच्यासाठी यादी नव्हती, ओळखीच्या माणसांची हजेरी होती. चूक झाली ती नंतर. तोच मजकूर उचलून, सुंदर वॉलपेपरच्या मागे ठेवून, ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ अशी चिठ्ठी लावून भलत्याच वाचकाच्या हातात दिला गेला.

डिस्ट्रो म्हणजे काय हे समजावताना मला दिवाळी अंकांची उपमा सोयीची वाटते. कर्नल टोरवाल्ड्स आणि मंडळींचं, डेस्कटॉप नोमचा किंवा केडीईचा, ब्राउझर मोझिलाचा. तेच लेखक सगळ्या अंकांत. संपादक ठरवतो की कुणाचं कितवं हस्तलिखित घ्यायचं, काय आधी लावायचं, मुद्रितं कुणी तपासायची. अंकाचा खरा कस मुखपृष्ठावर लागत नाही, आतल्या चुका वाचकापर्यंत पोचू दिल्या की नाही यावर लागतो. पॉपच्या बाबतीत झालं ते हेच : त्यांच्या भांडारात त्या काळात एका ३२-बिट पॅकेजची गफलत होती, त्यामुळे स्टीम बसवायचं तर डेस्कटॉप हटवल्याशिवाय गणित सुटेना. मुद्रितशोधनाची चूक. काही दिवसांत दुरुस्त झाली. नंतर पॉपने आणि पुढे खुद्द एपीटीनेही असा बदल केला की अत्यावश्यक पॅकेजेस अशी एका वाक्यावर उडवता येऊ नयेत. म्हणजे ‘वाचता येत नाही का’ म्हणणाऱ्यांना मूळ लेखकांनीच उत्तर दिलं.

हे सगळं आठवायचं कारण माझी मावसबहीण. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. एनव्हिडियाचं कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप आहे. तिने विचारलं, “दादा, कोडिंग पण करायचंय आणि गेम पण खेळायचेत. सोपं लिनक्स कुठलं?” मी तिला उत्तर द्यायला दोन आठवडे लावले. तिला वाटलं मी टाळतोय.

टाळत नव्हतो. ‘टॉप टेन’ याद्या वाचत होतो, आणि त्या बहुतेक मुखपृष्ठांची समीक्षा करतात. स्क्रीनशॉट छान, मेनू विंडोजसारखा, चार तारे. डिस्ट्रोवॉच या साइटवरची क्रमवारी तर त्या त्या डिस्ट्रोचं पान किती जणांनी उघडलं एवढंच मोजते. वापरतात किती, सोडून किती गेले, याच्याशी तिचा संबंध नाही. मला एकच गोष्ट तपासायची होती : काहीतरी बिघडलं की ही डिस्ट्रो नवख्या माणसाशी बोलते कशी?

त्याआधी गेमिंगचं एक कडू सत्य सांगून टाकतो, कारण याद्या ते दहाव्या मुद्द्यात लपवतात. वाल्वने २०१८ साली प्रोटॉन आणलं, २०२२ मध्ये स्टीम डेक बाजारात उतरवला, आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. ‘एल्डन रिंग’, ‘हेडीस’, ‘होलो नाइट’ : काही विचार करायला लागत नाही, स्टीममध्ये बटण दाबायचं. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ तर मुळातच लिनक्ससाठी उपलब्ध आहेत. पण ‘व्हॅलोरंट’ चालत नाही. त्याचं व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, आणि लिनक्सवर ते येतच नाही. ‘फोर्टनाइट’ नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ चालायचं, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. ‘जीटीए ५’ ची कथा खेळता येते, ऑनलाइन त्याच वर्षी गेलं. यात कुठलीही डिस्ट्रो काहीही करू शकत नाही. ‘गेमिंग डिस्ट्रो’ अशी पाटी लावलेलीही नाही. हॉस्टेलवर रात्री सगळे ‘व्हॅलोरंट’ खेळत असतील, तर लिनक्सचा प्रश्न तुमच्या मित्रांनी आधीच सोडवलेला आहे.

आता अंक एकेक करून.

लिनक्स मिंट २००६ पासून निघतंय. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीवर उभं आहे, म्हणजे पायाची संहिता दोन वर्षांतून एकदाच बदलते. दिसायला जुनाट. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, पंधरा वर्षांपूर्वीच्या सायबर कॅफेत बसल्यासारखं वाटतं. पण त्याचा मजकूर वाचा. पहिल्यांदा सुरू झाल्यावर एक स्वागताची खिडकी येते आणि कामं सांगते : टाइमशिफ्ट लावा, म्हणजे सिस्टिमची प्रत राहील आणि बिघडलं तर मागे जाता येईल. ड्रायव्हर मॅनेजर बघा. अपडेट मॅनेजर बघा. ड्रायव्हर मॅनेजर एनव्हिडियाचे उपलब्ध ड्रायव्हर मांडतो आणि त्यातला शिफारस केलेला कोणता ते शेजारी लिहितो. ‘तुम्ही चुकणार आहात, म्हणून आधी हे करून ठेवा’ असं न बोलता सांगणारी ही भाषा मला प्रौढ वाटते. तिच्यात आत्या आहे.

मिंटची खोटही खरी आहे. जपून चालणारा संपादक नवं लेखन उशिरा छापतो. याच महिन्यात बाजारात आलेलं ग्राफिक्स कार्ड असेल तर मिंटमध्ये ते नीट ओळखलं जाईलच असं नाही. त्याचा सिनॅमन डेस्कटॉप अजून मुख्यतः जुन्या एक्स ११ वर चालतो, त्यामुळे एचडीआर नाही, आणि वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर लावणाऱ्यांची कुरकूर असते. ज्यांचा लॅपटॉप दोन-तीन वर्षं जुना आहे त्यांना यातलं काही जाणवणार नाही. आपल्याकडे बहुतेकांचा तसाच असतो.

उबुंटूबद्दल थोडक्यात. शिकण्यासाठीचं साहित्य सगळ्यात जास्त त्याच्यासाठी लिहिलेलं आहे, कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वहीतली कमांड तिथे जशीच्या तशी चालते. पण २०१९ मध्ये त्यांनी ३२-बिट पॅकेजेस बंद करायचं जाहीर केलं होतं. जुने गेम आणि स्टीमचा मोठा भाग त्यांच्यावर उभा. वाल्वने सांगितलं की मग आम्ही पुढच्या उबुंटूला अधिकृत पाठिंबा देणार नाही, आणि काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. त्यांच्या स्नॅप पद्धतीने बसवलेल्या स्टीमबद्दलच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०२४ मध्ये वाल्वच्या एका डेव्हलपरने ते वापरू नका असं उघड सांगितलं. संपादक वाईट नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ऑफिस आणि सर्व्हर आहे, तुम्ही नाही.

फेडोराची गोष्टही तशीच. जून २०२५ मध्ये तिथेही ३२-बिट काढण्याचा प्रस्ताव आला, गेमिंगवाल्यांनी गदारोळ केला, प्रस्ताव मागे पडला. तरी प्रोग्रॅमिंगला फेडोरा मला फार आवडतं, ताजं आणि स्वच्छ. फक्त एनव्हिडियाचा ड्रायव्हर तिथे बाहेरच्या भांडारातून आणावा लागतो, आणि पहिल्याच आठवड्यात ते करायला लावणं म्हणजे पोहायला शिकवताना विहिरीत ढकलणं. तशीही अनेक पिढ्या पोहायला शिकल्या, हे मान्य.

आर्च आणि त्याची वेगवान भावंडं, यांत हल्ली गाजणारं कॅचीओएस आलं, यांच्याबद्दल एवढंच की ज्याला ती हवी असतात तो सल्ला विचारत नाही.

बॅझाइटवर मात्र थांबलं पाहिजे, कारण लायनसच्या प्रसंगाला इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मला दिसत नाही. ही फेडोरावर आधारलेली, पण बांधणीच वेगळी. सिस्टिम म्हणजे सुट्या पॅकेजेसची जुळणी नाही, एक अखंड प्रतिमा. तिचा गाभा फक्त वाचता येतो, खोडता येत नाही. अपडेट म्हणजे नवी अखंड प्रतिमा, आणि ती बिघडलेली निघाली तर बूट होताना यादीतून कालची निवडायची. स्टीम आधीच बसवलेलं. डाउनलोड करतानाच कार्ड कुठलं ते विचारतात आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर आतच असलेली प्रत देतात. इथे ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ म्हणायची वेळच येत नाही. डेस्कटॉप चुकून काढून टाकता येत नाही. घातक वाक्य सुधारून लिहिण्याऐवजी यांनी ते वाक्य लागणारच नाही असं घर बांधलं.

फक्त खेळणाऱ्या माणसाला मी डोळे मिटून बॅझाइट देईन. बहिणीला दिलं नाही.

कारण तिच्या प्रश्नात ‘पण’ दोनदा होता. कोडिंग पण, गेम पण. याद्या हे दोन शब्द एकाच ओळीत ठेवून पुढे जातात, जणू एकाच पिशवीत भाजी आणि दूध. गेम खेळणाऱ्याला सिस्टिम दिसूच नये असं वाटतं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला ती दिसली पाहिजे. बॅझाइटवर ती ट्यूटोरियल उघडणार, त्यात लिहिलेली इन्स्टॉलची कमांड देणार, आणि सिस्टिम म्हणणार, असं इथे होत नाही. इथे डिस्ट्रोबॉक्स नावाचा कंटेनर करा, त्यात दुसरी डिस्ट्रो टाका, तिच्या आत कंपायलर टाका. फ्लॅटपॅक पद्धतीने व्हीएस कोड घेतलं तर त्याच्या आतल्या टर्मिनलला बाहेरचा कंपायलर सहजी दिसत नाही. हे सगळं सुटतं. डेव्हलपरांसाठी बॅझाइटची डीएक्स ही वेगळी आवृत्तीही आहे. पण ज्याला अजून कंपायलर म्हणजे काय हे पुरतं उमगलेलं नाही, त्याला ‘कंपायलर कुठल्या खोलीत आहे’ हा जादा प्रश्न पडणार. सुरक्षित घरात राहून गवंडीकाम शिकता येत नाही असं नाही, पण भिंतीला हात लावू देत नसतील तर वेळ लागतो. शिवाय मिंटची फाइल साधारण तीन जीबीची, बॅझाइटची त्याच्या दुपटीहून मोठी, आणि हॉस्टेलचं वायफाय हे हॉस्टेलचं वायफाय असतं.

तिचा लॅपटॉप अलीकडचा नव्हता, ‘व्हॅलोरंट’ ती क्वचित खेळायची, ‘काउंटर-स्ट्राइक’ रोज. मी म्हणालो, “विंडोज काढू नकोस. शेजारी मिंट टाक.” आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं की फक्त कोडिंगचाच प्रश्न असता तर विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल पुरलं असतं. २०१६ पासून आहे, चांगलं आहे. त्यावर ती म्हणाली, “ते सरांनी लावून दिलंय. पण ते चालवताना मला कळत नाही मी नक्की कुठे आहे.” या वाक्यापुढे माझा युक्तिवाद संपला.

तिला दोन खड्डे आधीच दाखवले. लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवायची, कारण बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज ती मागू शकतं. आणि दुसरा खड्डा भाषेचाच. सिक्युअर बूट चालू असताना एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला की पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या वेळी सुरू होताना एक निळा पडदा येतो. त्यावर ‘एमओके मॅनेजमेंट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि दहा सेकंद उलटी गिनती चालते. त्यात कळ दाबून किल्ली नोंदवायची. दाबली नाही तर पडदा गुपचूप निघून जातो, ड्रायव्हर चालत नाही, आणि गेम रडतखडत चालतात. निळा पडदा बघितल्यावर विंडोजवर वाढलेला माणूस घाबरून हात मागे घेतो, हे लिहिणाऱ्याला सुचलं नसावं. मिंटची आत्याही इथे गप्प असते. नवशिक्यांसाठीच्या सगळ्या डिस्ट्रोंवर माझा सगळ्यात मोठा राग या दहा सेकंदांवर आहे.

आणि हे सगळं इंग्रजीत. उबुंटू, मिंट मराठीत चालवता येतात, डेबियनचा इन्स्टॉलर मराठी बोलतो, एपीटीच्या मजकुराचीही मराठी भाषांतराची फाइल आहे. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी बसून हे केलंय, बहुतेकदा कौतुकाविना. पण अनेक टर्मिनलांत जोडाक्षरं मोडून दिसतात, आणि मराठीत आलेली चूक शोधायला गेलं तर उत्तर इंग्रजीतच सापडतं, म्हणून जाणकारही सल्ला देतात की सिस्टिम इंग्रजीच ठेवा. मीही दिला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या पोरीला, ‘वाचता येत नाही का’ असं विचारणाऱ्या जगात, त्यांच्याच भाषेत वाचायला पाठवलं.

एका संध्याकाळी मी ते कुप्रसिद्ध वाक्य मराठीत करायला बसलो. ‘होय, मी सांगतो तसं कर.’ लगेच अडलं. सांगतो की सांगते? इंग्रजीतल्या ‘आय’ला लिंग नाही, मराठीतल्या ‘मी’ला क्रियापदाशी आल्यावर द्यावंच लागतं. आणि ‘कर’ की ‘करा’? यंत्राला अरेतुरे करायचं का? म्हणजे मराठीत हे वाक्य टाइप करणाऱ्याला क्षणभर का होईना ठरवावं लागेल की बोलतंय कोण आणि कुणाशी. मूळ लेखकांना हवा होता तो थांबा आमच्या व्याकरणात फुकट मिळतो. अर्थात घाईत असलेला माणूस तेही टाइप करून मोकळा होईल.

तिला फोनवर एकच ओळ वाचायला शिकवली. एपीटीच्या त्या गर्दीत एक ओळ खरोखर चांगली लिहिलेली आहे : किती अपग्रेड होणार, किती नवे येणार, आणि किती ‘टू रिमूव्ह’. चार आकडे, निःसंदिग्ध. लायनसच्या पडद्यावरही ती होती, इशारा आणि शेवटचं वाक्य यांच्यामध्ये दबलेली. बाकी काही कळलं नाही तरी चालेल, म्हटलं, काहीतरी टाकायला गेलीस आणि काढायचा आकडा मोठा दिसला तर एंटर मारू नकोस, मला फोटो पाठव.

परवा रात्री साडेअकराला फोटो आला. पडदा तिरका, वर ट्यूबलाइटची चकाकी, जी प्लस प्लस आणि त्याच्यासोबत येणाऱ्या पंधरा-वीस नावांची यादी.

“दादा, टू रिमूव्हच्या मागे शून्य आहे. मारू?”

मी उत्तर टाइप करेपर्यंत तिने मारलं होतं.